पांढरं, झुपकेदार म्हणजे पॉमेरेनियनच का? इंडियन स्पिट्झ ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातली चाळ असो की कांदिवलीतला टॉवर, लांब केसांचा छोटा पांढरा कुत्रा दिसला की मुंबईकर त्याला ‘पामेरियन’ म्हणून मोकळे होतात. यातले बहुतेक कुत्रे पॉमेरेनियन नसून इंडियन स्पिट्झ असतात. नुसत्या नावाची गल्लत असती तर चाललं असतं, पण नावावरून किंमत ठरते, खाण्याचं माप ठरतं आणि मोठेपणी कुत्रा केवढा होईल याचा अंदाजही चुकतो. म्हणून पिल्लू घेण्याआधी आणि घेतल्यानंतर लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

पॉमेरेनियन आणि इंडियन स्पिट्झ एकच नाहीत का?

नाहीत. दोघं एकाच कुळातले. टोकदार मुस्कट, उभे कान, दोन थरांचे केस आणि पाठीवर वळलेली शेपटी ही स्पिट्झ कुळाची खूण दोघांतही दिसते. पॉमेरेनियन हा त्या कुळातला सर्वांत छोटा कुत्रा. आंतरराष्ट्रीय मानकात तो जर्मन स्पिट्झचाच एक आकार मानला जातो. खांद्याशी उंची १८ ते २४ सेंटिमीटर, वजन साधारण दीड ते साडेतीन किलो.

इंडियन स्पिट्झ इंग्रजांबरोबर आलेल्या स्पिट्झ जातीच्या कुत्र्यांपासून इथल्या हवेत तयार झाला. कुत्र्यांच्या जातींची नोंदणी करणारा केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला स्वतंत्र जात मानतो. त्याचे दोन आकार आहेत. लहान आकारात उंची २२ ते २५ सेंटिमीटर आणि वजन ५ ते ७ किलो, तर मोठ्या आकारात उंची ३५ ते ४५ सेंटिमीटर आणि वजन १२ ते २० किलो. मुंबईतल्या घरांत लहान आकारच जास्त दिसतो. आठ-दहा किलोचेही पुष्कळ भेटतात. ते एकतर दोन्ही आकारांच्या मिश्रणातले असतात किंवा नुसतेच लठ्ठ.

एका नजरेत ओळखायचं तर आधी कुठे बघायचं?

तोंडाकडे, आणि तेही बाजूने. समोरून बघितलं की गालांवरचे केस फसवतात.

दोन डोळ्यांच्या मधल्या खोलगट जागेपासून नाकाच्या टोकापर्यंत एक अंतर धरा. तिथूनच मागे, डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत दुसरं धरा. पॉमेरेनियनचं पुढचं अंतर मागच्याच्या साधारण निम्मं भरतं. इंडियन स्पिट्झचं मुस्कट त्याहून स्पष्टपणे लांब आणि निमुळतं असतं. कपाळाकडून नाकाकडे येणारा उतारही बघा. पॉमेरेनियनमध्ये तिथे ठळक पायरी दिसते, स्पिट्झमध्ये ती सौम्य असते.

त्यानंतर कान. पॉमेरेनियनचे कान छोटे, एकमेकांना जवळ, आणि केसांत अर्धेअधिक बुडालेले. स्पिट्झचे कान मोठे, मोकळे आणि केसांच्या वर चांगले उठून दिसणारे. शेपटी तिसऱ्या क्रमांकाला ठेवा. पॉमेरेनियनची शेपटी उंचावरून निघून पाठीवर सपाट पसरते. स्पिट्झची शेपटी सैल वळणाची असते, कधी एका बाजूला झुकते, निवांत असला की खालीही सोडतो.

शेवटी पाय आणि पाठ. पॉमेरेनियन बाजूने चौकोनी दिसतो, उंची आणि लांबी जवळजवळ सारखी. स्पिट्झ थोडा लांबट आणि पायांनी उंच. यातली एकच खूण जुळली म्हणून निकाल देऊ नका. मुस्कट, कान आणि अंगाची ठेवण अशा तिन्ही खुणा एका दिशेला जायला हव्यात.

केस इतके दाट आहेत की आतलं काही कळतच नाही. मग?

आंघोळ घालताना बघा. ओले केस अंगाला चिकटले की मुस्कटाची खरी लांबी, छातीची रुंदी, पायांची जाडी सगळं उघडं पडतं. लहानखुरा स्पिट्झ भिजला की लांब पायांचा, सडपातळ कुत्रा निघतो. पॉमेरेनियन भिजल्यावरही आखूड पाठीचा आणि छोट्या तोंडाचाच राहतो.

कोरड्या केसांतही फरक जाणवतो. पॉमेरेनियनचे वरचे केस राठ आणि ताठ असतात, कारण खालची मऊ लोकर त्यांना उभं धरून ठेवते. स्पिट्झची खालची लोकर तुलनेने पातळ असल्यामुळे वरचे केस जास्त पडलेले, अंगासरशी बसतात. केसांत उलट्या दिशेने हात फिरवा: पॉमेरेनियनची कातडी दिसायला खास केस फाकवावे लागतात, स्पिट्झची बऱ्याचदा सहज दिसते.

उंची आणि वजन घरच्या घरी नीट कसं मोजायचं?

उंची डोक्यापर्यंत मोजायची नसते. मान संपून पाठ सुरू होते तिथे खांद्यांच्या हाडांचा उंचवटा हाताला लागतो, तिथपर्यंत मोजायची. कुत्र्याला सपाट फरशीवर, भिंतीला समांतर, चारही पाय सरळ ठेवून उभं करा. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक त्या उंचवट्यावर आडवं टेकवा आणि केस दाबले जातील इतका जोर द्या. पुस्तकाची खालची कड भिंतीला जिथे लागते तिथे पेन्सिलीने खूण करा आणि टेपने मोजा. केस न दाबता मोजलं तर दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढतात. इतक्या छोट्या कुत्र्याच्या बाबतीत तेवढ्याने जातच बदलते.

वजनासाठी आधी स्वतः काट्यावर उभे राहा, मग कुत्र्याला उचलून. दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा. पिल्लू असेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टोपलीसकट ठेवा आणि टोपलीचं वजन वगळा.

मग सगळीकडे पॉमेरेनियन हेच नाव कसं रुळलं?

ऐंशी-नव्वदच्या दशकांत परदेशी जातीचा कुत्रा आणणं अवघड आणि महाग होतं. इंडियन स्पिट्झ सहज मिळायचा, कमी खायचा, छोट्या जागेत मावायचा, उकाडाही सोसायचा. विकणाऱ्यांनी त्याला परदेशी नाव चिकटवलं आणि ते टिकलं. त्या काळात गाजलेल्या एका हिंदी कौटुंबिक चित्रपटातला पांढरा कुत्राही इंडियन स्पिट्झच होता. त्यालाही लोक आजतागायत पॉमेरेनियन समजतात. आता खरे पॉमेरेनियन शहरात बऱ्यापैकी दिसू लागले आहेत, आणि दोघं शेजारी उभे राहिले की गोंधळ उघडा पडतो.

रंगावरून काही ठरवता येतं का?

फार नाही. इंडियन स्पिट्झ बहुतेक पांढरा असतो. काळा, तपकिरी आणि मिश्र रंगही असतात. पॉमेरेनियनमध्ये नारिंगी, क्रीम, काळा, तपकिरी, राखाडी, पांढरा असे अनेक रंग चालतात. नारिंगी सर्वाधिक दिसतो, शुभ्र पांढरा कमी. त्यामुळे स्वस्तात मिळणारा पांढरा ‘पॉमेरेनियन’ हा जवळजवळ नेहमी स्पिट्झच निघतो. नाक गुलाबी आहे म्हणून मात्र घाबरू नका. लहान पिल्लांचं नाक काही आठवड्यांत काळं होत जातं.

‘कल्चर पॉम’, ‘टॉय पॉम’, ‘टीकप’ हे काय प्रकार आहेत?

बाजारातली नावं. कोणत्याही मान्यताप्राप्त मानकात ‘कल्चर’ किंवा ‘टीकप’ असा आकार नाही. ‘कल्चर पॉम’ म्हणून विकलं जाणारं पिल्लू बहुतेक वेळा स्पिट्झ आणि पॉमेरेनियनचं मिश्रण असतं, किंवा जरा जास्त दाट केसांचा स्पिट्झ. ‘टॉय’ हा शब्द जोडायचीही गरज नाही, कारण पॉमेरेनियन मुळातच छोटा.

‘टीकप’पासून मात्र लांबच राहा. इतकं छोटं पिल्लू म्हणजे एकतर वेळेआधी आईपासून तोडलेलं, कुपोषित, किंवा मुद्दाम सर्वांत खुजे नर-मादी जोडून काढलेलं. अशा पिल्लांच्या रक्तातली साखर एक-दोन वेळचं खाणं चुकलं तरी घसरते, आणि पिल्लू लटपटतं, बेशुद्ध पडतं. टाळूची हाडं न जुळलेली असू शकतात. सोफ्यावरून उडी मारली तरी पुढचा पाय मोडतो.

पिल्लू असताना ओळखायचं कसं? सगळीच कापसासारखी दिसतात.

इथेच सर्वाधिक फसगत होते. दीड-दोन महिन्यांचं कुठलंही स्पिट्झ पिल्लू आखूड तोंडाचं आणि गोंडसच दिसतं. मुस्कट पुढच्या महिन्यांत लांबतं. त्यामुळे पिल्लाआधी आई-बाप बघा.

आई दाखवायला सांगा, आणि पिल्लं दूध पीत असताना दाखवायला सांगा. शेजारी आणून बसवलेली कुठलीही मादी ‘आई’ म्हणून दाखवली जाते. खऱ्या आईचे स्तन ओघळलेले असतात, पोटाकडचे केस विरळ झालेले असतात आणि पिल्लं तिच्याकडे धावतात. तिचं वजन आणि मुस्कट वर सांगितल्याप्रमाणे तपासा. आई सहा किलोची असेल तर पिल्लू दोन किलोचं राहणार नाही, विकणारा काहीही म्हणो. बापाचा नुसता फोटो दाखवला तर तो हिशोबात धरू नका.

पिल्लात बघायच्या गोष्टी मोजक्याच: पंजे अंगाच्या मानाने मोठे आणि पायाची हाडं जाड असतील तर आकार वाढणार, मुस्कट आत्ताच टोकदार असेल तर ते आणखी लांबणार.

वयही तपासा. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. बाजारात मात्र ‘पंचेचाळीस दिवसांचं’ पिल्लू ही जणू रीतच झाली आहे, आणि त्यातली कितीतरी पिल्लं महिन्याचीच असतात. तोंड उघडून बघा. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास यायला लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ सगळे २८ दिसतात. मागच्या दाढा नसतील तर सांगितलेलं वय खोटं. पिल्लू जितकं लहान तितकं त्याचं तोंड आखूड दिसतं, म्हणून वय लपवणं आणि जात लपवणं हे एकत्रच चालतं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात केस झडले आणि पिल्लू काटकुळं, कोल्ह्यासारखं दिसायला लागलं. फसवलं का आम्हाला?

एवढ्यावरून सांगता येत नाही. चार ते सात महिन्यांच्या दरम्यान पिल्लाची लोकर झडून मोठेपणीचे केस येतात. खऱ्या पॉमेरेनियनचीही या काळात दशा होते. मुस्कट उघडं पडतं, पाय काटक्या वाटतात. दात बदलताना कानही कधी खाली पडतात आणि पुन्हा उभे राहतात. निकालासाठी दहाव्या महिन्यापर्यंत थांबा.

आकाराचा अंदाज त्याआधी करता येतो. लहान जातींत चौथा महिना पूर्ण होतानाचं वजन दुप्पट केलं की मोठेपणीच्या वजनाच्या जवळपास पोचतो. चार महिन्यांचं ‘पॉमेरेनियन’ तीन किलोचं असेल तर ते स्पिट्झ आहे असंच धरून चला. केस झडताना कातडी लाल, खपलीदार किंवा गोल टक्कल पडलेली दिसली तर मात्र तो वयाचा भाग नाही. ती बुरशी किंवा खरूज असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

‘कागद आहेत’ म्हणतात. त्यावर विश्वास ठेवावा का?

कागद वाचून ठेवावा. केनेल क्लबच्या प्रमाणपत्रावर जात, जन्मतारीख, नर की मादी, रंग, ब्रीडरचं नाव, आई-बाप आणि आधीच्या पिढ्या, तसंच मायक्रोचिपचा क्रमांक असतो. चिप दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली असते आणि तिचा क्रमांक १५ आकडी असतो. प्राण्यांच्या बऱ्याच दवाखान्यांत तो वाचायचं यंत्र असतं. पैसे देण्याआधी पिल्लू तिथे नेऊन क्रमांक जुळवून घ्या.

‘कागद नंतर कुरिअरने येतील’ हे वाक्य ऐकलं की बिनकागदाची किंमत द्या, किंवा परत फिरा. लसीकरणाचं पुस्तक म्हणजे कागद नव्हे. त्यावर जातीच्या रकान्यात मालक सांगेल ते लिहिलं जातं. आणि हो, इंडियन स्पिट्झचीही केनेल क्लबकडे नोंदणी होते, त्यामुळे ‘कागद म्हणजे पॉमेरेनियन’ हाही समज सोडा.

स्वभावावरून ओळखता येतं का?

नुसत्या स्वभावावरून नाही. दिसण्याच्या खुणांना जोड म्हणून तो बघा.

इंडियन स्पिट्झ हा राखणीचा कुत्रा आहे, फक्त आकाराने लहान. लिफ्टचा दरवाजा वाजला की कान टवकारतो, बेल वाजायच्या आत भुंकतो, अनोळखी माणसाला घरात घेऊनही बराच वेळ त्याच्यावर नजर ठेवतो. घरातल्या एका माणसाला जास्त धरून असतो. शिकायला झटपट, त्यामुळे वाईट सवयीही झटपट लागतात. भुंकल्यावर बिस्कीट मिळतं हे त्याला दोन दिवसांत कळतं.

पॉमेरेनियनही भुंकतो आणि धीट असतो, कधी आपल्या आकाराचं भान सोडून मोठ्या कुत्र्यावर धावून जातो. पण तो पाहुण्यांपुढे मिरवणारा, उचलून घेतलेलं चालवून घेणारा असतो. राखणीपेक्षा लक्ष वेधण्यात त्याला रस जास्त. हे झुकाव झाले. पिल्लूपणी माणसांत किती वावरला, यानेही स्वभाव तितकाच घडतो.

हे कुत्रे चावरे असतात म्हणतात. खरं आहे?

बदनामी जास्त आहे, पण कारणं खरी आहेत. मोठा कुत्रा गुरगुरला की माणसं मागे सरतात. हा गुरगुरला की हसतात, व्हिडिओ काढतात. इशारा वाया जातो म्हटल्यावर तो थेट दात लावायला शिकतो. लहान मुलांनी मिठ्या मारणं, दिवसभर बाल्कनीत बांधणं, ताटातलं भरवून मग ताट ओढणं यानेही बिथरतो. शांत कुत्रा अचानक चावायला लागला तर आधी दुखणं शोधा. या कुळात गुडघ्याची वाटी सरकते (चालताना मागचा एक पाय मध्येच उचलून उडी मारल्यासारखा टाकतो), दात लवकर खराब होतात, आणि सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचे सुळे न पडता तसेच राहतात.

बेलवरच्या भुंकण्याला उपाय आहे. बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. अगदी बारीक आवाजात लावा आणि तो भुंकायच्या आत सतरंजीवर खाऊचा तुकडा टाका. रोज दोन वेळा, पाच-पाच मिनिटं. तो आवाज ऐकून आपणहून सतरंजीकडे वळायला लागला की आवाज थोडा वाढवा. दोन-तीन आठवडे लागतात. घाईने आवाज वाढवला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पिल्लू निवडताना स्वभाव कसा तपासायचा?

सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाजवळ जमिनीवर बसा आणि बोलावू नका. जे वास घेत आपणहून येतं ते बरं. पाच-सहा फुटांवर किल्ल्यांचा जुडगा टाका. दचकणं ठीक आहे, पण काही सेकंदांत सावरून ते बघायला यायला हवं. कोपऱ्यात जाऊन तिथेच बसलं तर मुंबईच्या दिवाळीत त्याचे हाल होतील. उताणं धरून दहा-पंधरा सेकंद छातीवर हात ठेवा. थोडी धडपड करून शांत होणं चांगलं. कान, पंजे, तोंड हाताळू देतं का बघा. नुकतंच जेवलेलं पिल्लू झोपाळू असतं, म्हणून वेगवेगळ्या वेळी दोनदा जाऊन बघा.

पांढरे मोठे कुत्रेही असेच दिसतात. ते कोण?

सामोयेद पन्नास सेंटिमीटरच्या वर उंच, वीस ते तीस किलोचा, ओठांचे कोपरे वर गेल्यामुळे हसरा दिसणारा. जपानी स्पिट्झ नेहमी शुभ्र पांढरा, नर ३० ते ३८ सेंटिमीटर. मोठ्या इंडियन स्पिट्झशी त्याची गल्लत होते, पण मुंबईत तो विरळाच. रस्त्यावरच्या कुत्र्याशी झालेल्या संकरात बहुधा अंगावरचे केस आखूड राहतात, शेपटी आणि मांड्यांवर तेवढे झुपके येतात, आणि कानाची टोकं दुमडतात.

डीएनए चाचणी करून घ्यावी का?

हौस म्हणून करा. चाचणी तुमच्या कुत्र्याची तुलना त्या कंपनीच्या संग्रहातल्या जातींशीच करते. संग्रहात इंडियन स्पिट्झ नसेल तर निकालात त्याच्या जवळची कुठलीतरी परदेशी नावं येतात. पैसे भरण्याआधी ते विचारून घ्या.

मुंबईच्या उकाड्यात केस पूर्ण भादरून टाकावेत का?

नको. दोन थरांचे केस ऊन आणि कातडी यांच्यामध्ये आडोसा धरतात. अगदी मुळापर्यंत मशीन फिरवलं तर केस ठिगळासारखे येतात, किंवा महिनोन्‌महिने येतच नाहीत. पॉमेरेनियनमध्ये हे जास्त होतं. पंजांखालचे आणि शेपटीखालचे केस तेवढे कापा.

कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. दमट हवेत ओल वाळत नाही, म्हणून मुंबईचे ३३ अंशही त्याला जड जातात. एप्रिल ते जून फिरणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी उशिरा ठेवा. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा, कारण या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते; ओढलं की हंसासारखा खोकला काढतात. पावसाळ्यात वरचे केस कोरडे वाटले तरी खालची लोकर ओली राहते आणि तिथे बुरशी धरते. टॉवेलने दाबून पाणी काढा, ड्रायरचा थंड झोत द्या, केस फाकवून कातडीपासून विंचरा आणि गोचीड बघा.

सोसायटीत किंवा पालिकेच्या परवान्यावर जात चुकीची लिहिली तर काही बिघडतं का?

फारसं नाही. परवान्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र महत्त्वाचं. नव्याने अर्ज करताना ‘इंडियन स्पिट्झ’ लिहा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, मग जात कुठलीही असो.

जात कळली. आता खाण्यात काही बदलायचं का?

माप बदलायचं. पाकिटावरच्या ‘पॉमेरेनियन’च्या चित्राकडे न बघता वजनाकडे बघा. अडीच किलोच्या, पूर्ण वाढलेल्या पॉमेरेनियनला दिवसाला साधारण २२० किलोकॅलरी पुरतात. सहा किलोच्या, नसबंदी झालेल्या स्पिट्झला ४३० च्या आसपास, आणि पंधरा किलोच्या मोठ्या स्पिट्झला साधारण ८५०. तेवढ्यात पोळीचा तुकडा, पार्ले-जी, आजीने गुपचूप दिलेला पनीर हे सगळं धरायचं. केसांमुळे डोळ्यांना जाडी दिसत नाही, म्हणून आठवड्याला एकदा बरगड्यांवर बोटं फिरवा. हलक्या हाताने मोजता आल्या तर माप बरोबर. दाबून शोधाव्या लागल्या तर दहा टक्के कमी करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा वजन घ्या.